मुलगा व्यसनांवरच्याच कादंबऱ्या वाचतो, काळजी करावी का?

"मॅडम, हा दुसरं काही वाचतच नाही. चार पुस्तकं, आणि चारही गर्दुल्ल्यांची," असे म्हणत त्या बाईंनी पिशवीतून पुस्तके काढून माझ्या टेबलावर ठेवली. मुलगा १९ वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारा. दिवाळीच्या सुटीत घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत ही पुस्तके सापडली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्याच्या नकळत लघवीची तपासणी करून घ्यावी का, असे त्यांना विचारायचे होते.

मी नाही म्हटले. झोप, भूक, पैसे, मित्र, कॉलेजातील हजेरी यांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम बिघडल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती. पण त्यांतले काहीच बदललेले नव्हते. नुकतेच व्यसन सोडलेल्या माणसाला मात्र नशा तयार करण्याची बारीकसारीक वर्णने वाचून तल्लफ येऊ शकते, त्यामुळे त्याला अशी पुस्तके काही काळ बाजूला ठेवा असे मी आवर्जून सांगते. हा मुलगा तसा दिसत नव्हता.

तो एकटा भेटायला आला तेव्हा मी व्यसनाचा विषय काढलाच नाही, यांतले कोणते पुस्तक आवडले एवढेच विचारले. तो खुलला. 'नार्कोपोलिस'मधले मुंबईच्या शुक्लाजी स्ट्रीटवरचे अफूचे अड्डे त्याला भुरळ घालणारे वाटले होते, पण "धुरात सगळेच शहाण्यासारखं बोलतात, ते पटत नाही" अशी तक्रारही होती. १९७१ साली अनामिक मुलीची खरी रोजनिशी म्हणून विकले गेलेले 'गो आस्क ॲलिस' त्याने "घाबरवायला लिहिलेलं" म्हणून निकालात काढले. 'डेमन कॉपरहेड'मध्ये गुडघा दुखावलेल्या खेळाडू पोराला गोळ्यांची सवय डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून लागते, हे त्याच्या मनातून जात नव्हते. चौथे पुस्तक 'ट्रेनस्पॉटिंग', एडिनबराच्या लीथ भागातल्या हेरॉइन घेणाऱ्या पोरांचे. त्याची स्कॉटिश बोली कळायलाच चाळीस पाने गेली, असे तो हसत म्हणाला.

पुस्तक चाळताना मला पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. नशेच्या वर्णनांशेजारी एकही नव्हती, पण नायकाला आईवडील घरात डांबून ठेवतात, त्या भागाच्या समासात उभ्या रेघा होत्या आणि एका ठिकाणी बारीक अक्षरात लिहिले होते, "किती दिवस?"

मी त्यावर बोट ठेवले. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "माझा रूममेट ब्राउन शुगर घेतो." सुटी संपण्याच्या चार दिवस आधी दोघांनी परत जायचे, वसतिगृह रिकामे असताना खोलीला बाहेरून कडी लावायची आणि त्याला "साफ" करायचे, असा बेत ठरला होता. चार कादंबऱ्या त्याने त्यासाठी वाचल्या होत्या, जणू घरगुती औषधांचे पुस्तक वाचावे तशा.

कादंबरीवर माझा राग नाही. पण ती उपचाराची पद्धत सांगायला लिहिलेली नसते. ब्राउन शुगर म्हणजे हेरॉइनचेच अशुद्ध रूप, आणि हेरॉइन एकदम बंद केले की अंग मोडून येते, नाक वाहते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. कोंडलेल्या खोलीत उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी होऊन जिवावर बेतू शकते, पण त्याहून मोठा धोका दार उघडल्यानंतरचा असतो. काही दिवसांच्या खंडात शरीराची सहनशक्ती उतरते आणि मग पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबू शकतो. (दारूचे तर आणखी वेगळे: रोज भरपूर पिणाऱ्याने ती अचानक तोडली, तर झटके येऊ शकतात.) हे ऐकताना त्याचा चेहरा उतरला.

कडी लावायची नाही, रोख पैसे द्यायचे नाहीत आणि मित्राला एकटे सोडायचे नाही, एवढे आम्ही ठरवले. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक मी त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांनी हा त्रास बराच आटोक्यात राहतो, हे त्याला ठाऊकच नव्हते. आईला काय सांगायचे हे मी त्यालाच ठरवू दिले, तो म्हणाला, "मी घेत नाही, एवढं सांगा. बाकीचं मी सांगेन."

रूममेट पहिल्यांदा आला तेव्हा दाराबाहेरच्या बाकावरून उठून निघून गेला. दुसऱ्यांदा आत आला. उपचार सुरू होऊन दोन महिने झाले आहेत, मधे एकदा घसरलाही. बाईंनी परवा फोन केला होता. त्यांनी 'डेमन कॉपरहेड' वाचायला घेतले आहे आणि शेवट सांगायचा नाही, असे मला बजावले आहे.