एप्रिलच्या शेवटी गुहागरजवळ आजोळी जातोय. पक्षी-प्राणी काय दिसतील आणि दिसलेलं कुणाला, किती सांगावं?

तुम्ही लिहिलंय की पक्षी बघायला नुकतीच सुरुवात केली आहे, हातात साधी दुर्बीण आहे आणि दहा-बारा दिवस आजोळी राहणार आहात. मी त्याच भागातला, वाशिष्ठीच्या खाडीकडे उतरणाऱ्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवतो. त्यामुळे जे सांगतोय ते रोज डोळ्यांसमोर असलेलं आहे.

पोचलात की आधी आजीला विचारा, आपल्या वाडीत उंबर कुठे आहे आणि यंदा पिकलाय का. कर्नाळा, फणसाड ही अभयारण्यं चांगलीच आहेत, पण ती रायगडात. तुमच्या दहा दिवसांतले दोन प्रवासात जातील. एप्रिल-मेमध्ये कोकणातला पक्षी फळाच्या मागे असतो, आणि पिकलेला उंबर किंवा वड सापडला की तुम्हाला कुठे फिरावं लागत नाही. सकाळी सहाला जाऊन बांधावर बसायचं, नऊपर्यंत हलायचं नाही. कुटुरगा दिसायच्या आधी ऐकू येईल, एकदा सुरू झाला की थांबत नाही. त्याचा धाकटा भाऊ तांबट टुक-टुक करत असेल. शिपाई बुलबुल, साळुंक्या, कोकिळेची ठिपकेदार मादी हे सगळे येतात. हरियाल मात्र डोळ्यांची परीक्षा घेतो. आपला राज्यपक्षी, पण पानात बसला की पानच होतो. झाड रिकामं वाटतं, आणि एखादा ढोल वाजला की तीस-चाळीस पक्षी एकदम उडतात.

आणि मग धनेश. आजीला ‘धनेश’ म्हटलंत तर कदाचित कळणार नाही. आमच्याकडे बरेच जण त्याला गरुड म्हणतात. म्हणून गावात कुणी ‘गरुड बघितला’ म्हणालं, की चोच केवढी होती, तिच्यावर शिंगासारखं काही होतं का, हे विचारून घ्या. खाडीवर घिरट्या घालतो तो समुद्री गरुड वेगळा, पांढऱ्या पोटाचा, शिकारी. धनेशाच्या पंखांचा आवाज तो दिसण्याआधी येतो, झाडावरून कुणी सूप पाखडत गेल्यासारखा. काजऱ्याची फळं माणसाला विषारी, पण धनेश ती खातो.

या पक्ष्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर मला याच्याकडूनच मिळालं. उन्हाळ्यात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा वगैरे लिंपून ढोलीचं तोंड आतून बंद करते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत ती अंडी उबवते, तिची उडायची पिसंही त्याच काळात झडून नवी येतात. म्हणजे दोन-तीन महिने ती सर्वस्वी नराच्या भरवशावर असते. नर घशात फळं साठवून आणतो आणि फटीतून एकेक करून भरवतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फळं मोजायला लागलो आणि पुढे मोजण्याचं भान राहिलं नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीजवळ बेहड्याच्या ढोलीत असं एक घरटं मला सापडलं. मी लांब, काजूच्या आडोशाला बसून वहीत नोंदी करायचो. आनंद इतका होता की एका संध्याकाळी फोटो आणि जागा दोन्ही पक्षीमित्रांच्या एका ग्रुपवर टाकले. रविवारी सकाळी सात गाड्या आल्या. आलेली माणसं वाईट नव्हती, सगळ्यांना पक्ष्यांची आवड होती. पण झाडाखाली कॅमेऱ्यांच्या तिवया मांडल्या गेल्या, कुणी पुढे सरकलं, कुणाच्या अंगावर भडक लाल शर्ट. नर घसा भरून आला आणि समोरच्या ऐनाच्या झाडावर बसून राहिला. आठ वाजता बसला तो साडेबारापर्यंत. दोनदा उडून गेला, परत आला, पण ढोलीकडे गेला नाही. जमीन ज्यांची ते तात्या कोयता घेऊन कवळ तोडायला आले होते. त्यांनी एकदा ऐनाकडे बघितलं, एकदा ढोलीकडे, आणि मला म्हणाले, “मास्तर, ती आत उपाशी हाय. ह्यांना घेऊन जावा.”

आम्ही निघालो. गाड्या वळणापार गेल्यावर वीसेक मिनिटांत नर ढोलीवर गेला, हे तात्यांनी मागाहून सांगितलं. मी ग्रुपवरचा मजकूर पुसला, पण तोवर तो पुढे गेला होता. त्या वर्षी पिल्लू बाहेर पडलं. पुढच्या वर्षी ती ढोली रिकामी राहिली, अजूनही आहे. त्याला मीच कारण, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्या बेहड्याखालून जाताना मला ते साडेचार तास आठवतात.

तेव्हापासून मी एक भेद पाळतो. पक्षी जिथे खातो ती जागा सांगावी, जिथे वाढवतो ती सांगू नये. उंबर पिकलाय हे सगळ्या गावाला सांगा. घरटं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत तोंड बंद ठेवा, आणि नंतरही गावापुरतंच नाव द्या. टिटवीलाही हेच लागू. सड्यावर उघड्या कातळात ती खड्यांच्या रंगाची अंडी घालते. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की समजा अंडी जवळ आहेत. शोधू नका, आल्या वाटेने मागे फिरा, नाहीतर तुमच्याच पायाखाली जातील. एप्रिलमध्ये सड्यावरचं वाळलं गवत पेटवतात तेव्हा टिटवीची, चंडोलाची किती अंडी भाजून जात असतील याचा विचार केला की जीव तुटतो. असा वणवा कुठे लागलेला दिसला तर मात्र ताबडतोब, जागेसकट, सगळ्यांना सांगा.

खवले मांजर दिसलं, तर कुणालाच सांगू नका. ग्रुपवर नाही, चहाच्या टपरीवर नाही, फोटोही टाकू नका. खवल्यांसाठी त्याची तस्करी होते. ते जखमी किंवा अडकलेलं असेल तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. बिबट्याचं उलट आहे. त्याचा माग काढत फिरू नका, पण ताजे ठसे दिसले तर वाडीत जरूर सांगा, तिथे लोकांची गुरं आणि लहान मुलं असतात.

आता किनारा. तुम्ही जाल तेव्हा हिवाळी पाहुणे निघून जात असतील. कुरव बहुतेक गेलेले असतात. पण जे चिखल्या उरलेले असतात ते एरवीपेक्षा देखणे दिसतात. थंडीभर मातकट असलेल्या त्या एवढ्याशा पक्ष्याच्या छातीवर आता तांबूस पट्टा चढलेला असतो. तो तिबेट-लडाखच्या पठाराकडे घरटी करायला निघालेला आहे आणि आपल्या पुळणीवर किडे टिपत प्रवासाची तयारी करतोय. त्याच्या मागे धावू नका, कुत्र्याला धावू देऊ नका. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटीही असतात आणि एप्रिलमध्ये पिल्लं बाहेर पडत असतात. सकाळी किंवा संध्याकाळी पिल्लं सोडतात, तेव्हा तिथल्या कासवमित्रांना विचारून जा. विजेरी आणि फ्लॅश बंद ठेवा, कारण पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं आणि समुद्राऐवजी तुमच्याकडे वळतं.

खाडीकडे जाणार असाल तर ओहोटीची वेळ विचारून जा. पाणी उतरलं की वाशिष्ठीच्या काठच्या चिखलावर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. होडीतूनच बघा, चिखलात उतरू नका.

दुपारी पक्षी पाहायला जाऊ नका, घरीच राहा. पण जवळ एखादा आटत आलेला पऱ्या, म्हणजे ओढा, असेल आणि त्यात कोंडीएवढंच पाणी उरलं असेल, तर चार वाजल्यानंतर सावलीत लांब बसा. आसपास दुसरीकडे पाणी नसतं, म्हणून सगळ्यांना तिथेच यावं लागतं. कस्तुर येतो, भृंगराज येतो आणि दहा पक्ष्यांच्या नकला करून तुमची फजिती करतो. तेच एकमेव पाणी असतं, म्हणून तिथे तासाभरापेक्षा जास्त बसू नका. त्यापेक्षा आजीच्या परड्यात सावलीला एक मातीची परात भरून ठेवा, मध्ये दगड टाका म्हणजे मधमाश्या बुडणार नाहीत, आणि पाणी रोज बदला. दोन दिवसांत दयाळ अंघोळीला येईल.

रात्री जेवून झाल्यावर अंगणातला दिवा बंद करून बसा. चक्-चक्-चक् असा लाकडावर टिचक्या मारल्यासारखा आवाज आला तर तो रातवा. काजूचे बोंडू पडले असतील तिथे कांडेचोर, म्हणजे उदमांजर, फिरकतो. सकाळी पायरीवर किंवा दगडावर बियांनी भरलेली लेंडी दिसली तर रात्री तो येऊन गेला असं समजा. काजवे पाऊस जवळ आल्यावर येतात. तुम्हाला बहुधा थोडेच दिसतील.

नोंद कशी करायची हेही विचारलंय. ई-बर्ड हे ॲप मोबाइलवर घ्या. पंधरा मिनिटं एका जागी बसून जे जे दिसलं, ऐकलं ते आकड्यासकट लिहायचं, कावळा आणि चिमणीसुद्धा. नवशिके नेमके हेच पक्षी गाळतात, आणि मग कावळे कमी झाले की वाढले हे वीस वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही. ओळख पटली नाही तर ‘ओळखू आला नाही’ असंच लिहा, अंदाजाने नाव टाकू नका. वहीत मात्र जास्त लिहा: कुठल्या झाडावर, काय खात होता, आजी त्याला काय म्हणते. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर पक्षी मोजतात, आणि आपल्याकडे त्याच दिवशी प्रदेशनिष्ठ पक्ष्यांची नोंद करतात. तोवर थांबलात तर आजीच्या उंबरावरचा कुटुरगा त्या यादीत येतो, कारण तो सह्याद्री आणि त्याच्या आसपास सोडून जगात कुठेही नाही. फोटो टाकताना मोबाइलमधली जागेची नोंद बंद करा. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. हे विणीचे दिवस आहेत, त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो.

नवरंग आणि तिबोटी खंड्या या वेळी दिसतील का, असं शेवटी विचारलंय. दोघेही आमच्याकडे पावसाच्या तोंडावर घरटी करायला येतात, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात परत निघालात तर हुकण्याचीच शक्यता जास्त. पण आजी तिथेच असणार. तिला सांगून ठेवा, की पहाटे रानातून दोन सुरांची, पहिला वर जाणारा आणि दुसरा उतरणारा, अशी नवरंगाची स्वच्छ शीळ आली तर त्या दिवसाची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेव. ती तारीख इथे मलाही कळवा. माझ्या वहीत आमच्या वाडीच्या तारखा आहेत, तुमच्या आजोळच्या नाहीत.