वाचक विचारतात : तान्ह्या पोळ्याची गोष्ट सोळा पानांत

प्रश्न : दुसरीच्या मुलांसाठी तान्ह्या पोळ्यावर, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी नंदीच्या सणावर, चित्रगोष्ट लिहिली आहे. मिरवणुकीत लाकडी नंदीचं चाक निखळतं, अशी. ए-५ आकारात १६ पानं छापायची आहेत, चित्रं गावातलाच एक मुलगा काढणार आहे. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, दारव्हा तालुका, यवतमाळ

उत्तर : रंगांना हात लावण्याआधी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करा. ए-४चे चार कोरे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा, १६ पानं तयार. कव्हर वेगळं. पान १वर नाव, २वर लेखक-चित्रकार, ३वर गोष्ट सुरू. पुढे ४-५पासून १४-१५पर्यंत सहा जोडपानं आणि १६वर शेवट. चित्रं पेन्सिलीनं नुसती काड्यांची काढा, मजकुराची कात्रणं चिकटवा. या वयाला पानावर वीस-पंचवीस शब्द पुरतात.

विषम पान उजवीकडे येतं. म्हणून चाक डगमगू लागलेलं ७वर दाखवा आणि निखळलेलं ८वर. पान उलटताना मुलांचा श्वास तिथेच अडकतो. समोरासमोरच्या पानांवर दोन्ही गोष्टी आल्या तर ती मजा गेली.

सगळ्यात जास्त चुका मजकुरात होतात. ‘नंदीचं चाक निखळलं, तो एका अंगाला कलला, पोरगी रडवेली झाली’ हे तिन्ही चित्रात दिसतंच. शब्दांत ठेवा फक्त ‘खट्!’ आणि तिचं बोलणं : ‘आता मले बोजारा कोन देईन?’ (बोजारा म्हणजे या सणाला मुलांना मिळणारी भेट.) चित्रात न दिसणारं तेवढंच लिहायचं.

चित्रकाराला सांगा : जोडपानाचं चित्र म्हणजे आडवा ए-४. त्याच्या चारही बाजूंनी ३ मिलिमीटर रंग बाहेर जाऊ द्या, नाहीतर कटिंग जरा हललं की पांढरी रेघ दिसते. अक्षरं कडेपासून किमान १० मिलिमीटर आत. ८-९ ही मधली जोडी एकाच कागदावर येते. बाकीच्या जोड्यांची अर्धी-अर्धी चित्रं वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात आणि घडीत थोडी सरकतात. नंदीचं तोंड किंवा मुलीचा डोळा घडीवर आला की वाकडा दिसणारच. चित्र मोबाइलवर टिपू नका, कडा तिरक्या होतात आणि पांढरा कागद पिवळट येतो. ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा.

प्रश्न : गोष्ट वऱ्हाडीत लिहावी की प्रमाण मराठीत?
– एक वाचक, अकोट

उत्तर : संवाद बिनधास्त वऱ्हाडीत लिहा. निवेदन साधं ठेवा, पण त्यातही शेताला ‘वावर’, कपाशीला ‘पऱ्हाटी’ हेच शब्द हवेत. कंसात अर्थ देऊ नका. पऱ्हाटी चित्रात उभी आहेच. मात्र लेखन एकच ठरवा. एका पानावर ‘डोया’ आणि पुढच्यावर ‘डोळा’ आला की नुकतं वाचायला लागलेलं मूल अडतं. दोन-चार मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि जिथे अडखळतात तिथे खूण करा. दोष बहुतेक वेळा वाक्याच्या लांबीचा असतो, बोलीचा नाही. आणि हो, मेळघाटातल्या शाळेसाठी लिहीत असाल तर तिथल्या अनेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे, वऱ्हाडीही त्यांना परकीच.

छापायला देताना युनिकोडमध्ये टाइप करा आणि फाँट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच जोडलेली, पीडीएफच द्या. जुन्या फाँटमध्ये ‘पऱ्हाटी’ची ‘पर्हाटी’ होते. प्रूफमध्ये हा शब्द आधी शोधा.

प्रश्न : आजीकडून ऐकलेल्या गोष्टीवर हक्क कुणाचा?
– एक वाचक, साकोली

उत्तर : लोककथा कुणा एकाची नसते. तुम्ही तिला दिलेले शब्द तुमचे, चित्रं चित्रकाराची. प्रकाशकाला हक्क देताना लेखी करार करा आणि त्यात मुदत लिहाच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत न लिहिल्यास ती ५ वर्षं धरली जाते. शाळेतल्या मुलांची चित्रं वापरलीत तर पालकांची लेखी संमती घ्या आणि प्रत्येक चित्राखाली त्या मुलाचं नाव छापा.