कामाचं इंग्रजी येतं, पण गप्पा मारता येत नाहीत?

"मॅडम, मेल लिहितो, डेमो देतो, सगळं जमतं हो, पण लंचला सगळे इंग्रजीत सुरू झाले की माझी वाचाच बसते." हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा सुरुवात करतो आणि पुढचं मला पाठ असतं. बहुतेक मराठी मीडियमची पोरं, पुण्यात आयटीत. आता राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, म्हणजे शिकलेत सगळे. पण शाळेतलं इंग्रजी म्हणजे उत्तर, एकतर बरोबर नाहीतर चूक, त्या भाषेत टवाळक्या कोणी केल्याच नाहीत.

त्यातलाच एक लातूरकडचा मुलगा. काम आहे सांगून डबा जागेवरच खायचा आणि फोनमध्ये शब्दांची यादी करून रोज पाठ करायचा. वाचून दाखव म्हटलं तर त्यात ग्रेगेरियस (माणसांत रमणारा), लोक्वेशस (बडबड्या) असले शब्द, जे मीही गप्पांत कधी वापरले नसतील.

मी विचारलं, "गावी पारावर कोणी भेटलं तर काय बोलतोस?"

"विशेष काही नाही. कधी आलास, पाऊसपाणी काय म्हणतंय, जेवलास का."

"मग काय काय जेवलास ते सगळं सांगतोस?"

हसला. "नाही हो. झालं की, तुमचं?"

"मग हाऊ वॉज युवर वीकेंडला घाम का फुटतो?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पारावर चुकलो तर मला कोणी अडाणी नाही म्हणणार."

इथे खरी गाठ सापडली बघा. शब्द कमी नव्हतेच, "माझं चुकताच कामा नये, चुकलं की मी कमी ठरलो" हा हट्ट आडवा येत होता, आणि हा हट्ट असला की अख्खी डिक्शनरी पाठ करा, तोंड उघडत नाही. मी विवेकनिष्ठ मानसोपचार मानणारी, म्हणजे मनातले असे हट्ट तपासून बदलायचे, त्यामुळे त्याला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा किस्सा सांगितला. हे स्वतः प्रचंड लाजाळू होते, एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकट्या बसलेल्या बायकांशी जाऊन बोलायचं असं महिनाभर केलं, शंभरावर जणींशी बोलले, एकच भेटायला येते म्हणाली आणि तीही आली नाही, पण आकाश काही कोसळलं नाही आणि भीती मात्र गेली. पुढे 1955 मध्ये त्यांनी ही उपचारपद्धती मांडली.

मग गृहपाठ दिला, लंचला बसायचं आणि एक वाक्य मुद्दाम चुकीचं बोलायचं. तो माझ्याकडे बघतच राहिला. पण करून आला! "येस्टरडे आय गो टू लोणावळा" असं ठोकून दिलं, तर समोरचा चेन्नईचा मुलगा म्हणाला, "ओह, ट्रॅफिक कसा होता?" आणि ट्रॅफिकवर दोघं जेवण संपेपर्यंत बोलले. चूक कोणाच्या कानावरसुद्धा गेली नव्हती. हे सांगताना त्याचा जो चेहरा होता ना, त्यासाठीच मी हे काम करते असं म्हटलं तरी चालेल.

वाक्यं लागतात, नाही असं नाही, पण छोटी. विचारलं तर नुसतं "गुड" म्हणून थांबू नका, एक तपशील द्या आणि प्रश्न परत करा: "प्रिटी क्वाएट, जस्ट वेंट टू सिंहगड. यू?" समोरचा बोलत असताना "रिअली?", "नो वे!", "देन व्हॉट हॅपन्ड?" एवढ्यावर खूप निभतं, खरं तर पुढचा प्रश्न विचारणारा माणूस लोकांना जास्त आवडतो. कळलं नाही तर मान हलवू नका, "सॉरी, आय मिस्ड दॅट" म्हणा. निघायचं असेल तर "एनीवे, आय शुड गेट बॅक". आणि हो, "आय ॲम"च्या जागी चुकून "मायसेल्फ अमुक तमुक" तोंडून निघून गेलं तर जाऊ दे.

आता त्याची नवीन तक्रार आहे, अमेरिकेतला क्लायंट कॉल सुरू व्हायच्या आधी बेसबॉलवर बोलतो आणि याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हटलं, तेच सांग की, "आय डोन्ट नो बेसबॉल ॲट ऑल, हू आर यू सपोर्टिंग?" पुढची पाच मिनिटं तोच बोलेल.