स्वीडनमधून जुनी हुस्क्वार्ना शिकारी रायफल (9.3×57 काडतुसाची) अमेरिकेत मागवायची आहे. आधी काय तपासावं?

सगळ्यात आधी चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा. यातल्या काही रायफली नंतर 9.3×62 या जास्त लांब काडतुसासाठी रीम केलेल्या (चेंबर कोरून वाढवलेल्या) असतात, पण नळीवरची जुनी खूण तशीच राहते. अशा चेंबरमध्ये 57 चं काडतूस सैल बसतं आणि त्याची केस (धातूचं कवच) फुगते किंवा फाटते. म्हणून निव्वळ खुणेवर विसंबू नका. विक्रेत्याकडून सेरोसेफ या सहज वितळणाऱ्या मिश्रधातूचा चेंबर कास्ट (चेंबरचा ओतीव ठसा) मागवा. ओतल्यावर साधारण तासाभराने घेतलेलं मापच खरं. आधीचं मोजमाप फसवतं.

मग बोल्ट, म्हणजे मागून चेंबर बंद करणारा सरकता भाग पाहा. माउझर 96 पद्धतीच्या ॲक्शनला (बोल्टच्या यंत्रणेला) पुढे फक्त दोन लग, म्हणजे बोल्ट अडकवणारे दात असतात. 98 ला मागे तिसरा सुरक्षा लग असतो. दोन लगवाल्या रायफलीत जोरदार लोड (जास्त दाबाची काडतुसं) कधीच वापरू नका. लाकडी दस्ता टँगच्या (ॲक्शनच्या मागच्या धातूच्या शेपटीच्या) मागे अनेकदा चिरलेला असतो, तिथला जवळून काढलेला फोटो हवाच.

कागदपत्रांत स्वीडनचा निर्यात परवाना आणि एटीएफचा (अमेरिकेच्या शस्त्र नियंत्रण संस्थेचा) फॉर्म 6 हा आयात परवाना हे दोन्ही रायफल निघण्याआधी हातात हवेत, नाहीतर कस्टम्स ती अडवतं. माल सोडवताना फॉर्म 6ए लागतो. टाइप 03 संग्राहक परवान्यावर आणायची असेल तर ती 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. रीम केलेलं चेंबर इथेही आडवं येऊ शकतं, त्यामुळे कास्टचे पैसे वाचवू नका.