सीबीसी नॉर्मल आलाय, मग वडिलांची सीएमएलची (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) इमॅटिनिब गोळी बंद केली तर चालेल का?
नाही, स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. सीबीसीत फक्त पेशींची मोजणी असते, ती गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांतच ताळ्यावर येते, पण आजाराचं मूळ असलेला बीसीआर-एबीएल जीन त्यात दिसतच नाही, त्यासाठी दर ३ महिन्यांनी रक्ताची पीसीआर (हा जीन मोजणारी टेस्ट) करतात, बघायची तर ती. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत बसते, महिन्याच्या शेवटी स्ट्रिपमध्ये ४-५ गोळ्या उरलेल्या आणि वर "राहिल्या चुकून", हे नेहमीचंच, आणि अशा चुकवण्यानेच पीसीआरचा आकडा वर सरकतो. मळमळीमुळे नको म्हणत असतील तर जेवणासोबत मोठा ग्लासभर पाण्याने द्या, रिकाम्या पोटी नको. ग्रेपफ्रूट टाळा, आणि शेजाऱ्यांचा काढाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. खर्चाचा प्रश्न असेल तर जेनेरिक मागा, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं म्हणून ती आपल्याकडे स्वस्तात मिळते. हां, काही वर्षं पीसीआर एकदम खाली टिकून राहिला तर डॉक्टरच गोळी थांबवून बघतात, पण तेव्हा सुरुवातीला दर महिन्याला टेस्ट, आणि साधारण निम्म्या पेशंटना पुन्हा सुरू करावी लागते.