गोव्यात व्ही-क्रॉस दोन इंच उचलायची आहे; सस्पेन्शनमध्ये काय काय बदलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, राहणं डिचोलीत, आठवड्यातून दोनदा डोंगरातल्या काजूच्या बागेत जाणं. पावसात वाट धुऊन जाते आणि चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. पुढे स्पेसर (शॉकच्या वर घालायची जाड चकती) आणि मागे लांब शॅकल (स्प्रिंगच्या पाट्यांना चेसिसशी जोडणारी कडी) टाकली की स्वस्तात काम होईल, असं गॅरेजवाला म्हणतोय. करावं का?

नको. मी केलं होतं म्हणून सांगतो.

माझी गाडीही हीच आणि वापरही जवळपास हाच. सत्तरीत घरचं कुळागर आहे. सुपारी, नारळ, खताच्या गोण्या, कधी पंप, कधी कामाची माणसं. पहिल्याच वर्षी मी पुढच्या शॉकच्या डोक्यावर ३५ मिमीचे स्पेसर बसवून घेतले. ‘दीड इंच उचलेल’ असं मला सांगितलं होतं. पण या गाडीला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेलं असतं. स्प्रिंग आणि शॉकचा खालचा पाय चाकापाशी बसत नाही, तो लोअर आर्मच्या साधारण मधोमध बसतो. त्यामुळे वर जेवढं घालाल त्याच्या जवळजवळ दुप्पट चाकापाशी होतं. माझी गाडी पुढून ६५ मिमी वर गेली. दिसायला झकास. गावातली पोरं येऊन फोटो काढून गेली.

मृगाचे चार पाऊस झाले आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की उजवीकडून कटकट ऐकू यायला लागली. खाली वाकून पाहिलं तर रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे फटकारे उडालेले, आणि एक्सलच्या रबरी बुटाच्या घडीत करंगळीच्या नखाएवढी चीर. तिच्यातून तांबडी माती आत गेली होती. ग्रीस बोटांत चोळलं तर भातात खडा लागावा तसं करकरलं. उंची वाढली की एक्सल जास्त तिरका फिरतो, बुटाच्या घड्या एका बाजूला सतत दबतात, आणि मग व्हायचं ते होतं. वर अप्पर आर्मचा बॉल जॉइंटही शेवटच्या टोकाला टेकलेला. चाक खड्ड्यात उतरलं की ठक्क! चोर्ला घाटाच्या वळणांवर तो आवाज ऐकत गाडी चालवणं म्हणजे काय, ते ज्यानं चालवली त्यालाच ठाऊक.

आता मुद्द्याचं. उंची किती हवी हे नंतर बघू, आधी गाडीवर वजन किती असतं ते सांगा. स्प्रिंग घ्यायची असते ती वजनाच्या हिशेबानं. आपल्या खाणपट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. नेहमीचं सामान भरून गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग सगळी गाडी, मग फक्त मागची. तीन पावत्या घ्या. दर आठवड्याला मागे दोनशे किलो असतात की सहाशे, यावरून तुमचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) ठरतील. दोन्हीला एकच पाटा घातला तर रिकामी गाडी टणाटण उडेल किंवा भरलेली गाडी शेपटीवर बसेल.

दुसरं मोजमाप घरीच घ्या. सपाट जागी चाकाच्या बरोबर मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, चारही चाकांचं. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. डावं-उजवं दहा मिमी वेगळं निघालं तर घाबरू नका, बऱ्याच गाड्या थोड्या एका बाजूला झुकलेल्या असतात. नवी स्प्रिंग बसवताना त्या बाजूला पातळ पॅकर घालून ते काढता येतं. पण हे बसवणाऱ्याला आधी सांगावं लागतं.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या गाडीचा मागचा एक्सल सरळ आहे, त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा गोळा. पाटे कितीही उचला, तो गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. लिफ्टनं वर जातं ते चेसिस, पायदान, टाकी, गिअरबॉक्स. गोळा उचलतो फक्त टायर. दारावरच्या स्टिकरवर २५५/६० आर १८ असेल तर त्या टायरचा व्यास साधारण ७६३ मिमी. २६५/६५ आर १८ घेतला तर ८०२, म्हणजे गोळ्याखाली १९ मिमी वाढले. पोट घासतं म्हणता ते नक्की कुठे, हे एकदा खाली झोपून बघा. ओरखडे गोळ्यावर असतील तर लिफ्टचा पैसा वाया जाईल.

पोटावरच असतील तर पुढे जाऊ. समोर ४० मिमीपेक्षा जास्त मागू नका. तेवढ्यात मूळचे अप्पर आर्म बहुतेक वेळा पुरतात, अलाइनमेंट जागेवर येतं आणि एक्सलही फार तिरका होत नाही. पन्नासच्या वर गेलात की वेगळे अप्पर आर्म, कदाचित पुढचा डिफरन्शियल खाली घेण्याचे ब्रॅकेट, आणि मग खर्चाला अंत नाही. स्पेसरऐवजी पूर्ण सेट घ्या, म्हणजे नवी स्प्रिंग आणि तिच्याच मापाचा शॉक एकत्र. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग या ऑस्ट्रेलियन कंपन्या एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंगा देतात: समोर काही नसेल तर एक, लोखंडी बंपर असेल तर दुसरी, वर विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) असेल तर तिसरी. दुकानदार हाताशी असेल ती जड स्प्रिंग गळ्यात मारतो. तुमच्या गाडीला पुढे लोखंडी बंपर नाही (आणि असल्या बंपरवर, म्हणजे बुलबारवर, डिसेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, लावूही नका), तेव्हा हलकीच मागा. जड स्प्रिंगवर गाडी जास्त उंच बसते आणि रस्त्यावर दगडासारखी चालते.

मागे लांब शॅकल नको. शॅकल जेवढी लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते, एक्सलचा कोन फिरतो आणि मागचा भाग वळणावर डुलतो. पाट्याखाली ठोकळा ठेवणं त्याहून वाईट, चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की पाटा पिळतो. खाणी जोरात होत्या तेव्हाचे पाटेवाले अजून आपल्याकडे आहेत आणि जुना पाटा ठोकून कमान वाढवून देणं त्यांच्या हातचा मळ. मीही गेलो होतो. म्हातारबुवांनी पाट्यावर हात फिरवला आणि स्वतःहून सांगितलं, ‘दोन म्हयने रावतलें, मागीर बसतलें.’ (दोन महिने टिकेल, मग बसेल.) गिऱ्हाईक सोडून खरं बोलणारा माणूस! थंड ठोकलेली कमान वजनाखाली परत बसतेच. तुमच्या वजनाला जुळणारा नवा पूर्ण पाट्यांचा संच घ्या. बजेट नसेल तर मूळ संचात एक चांगला जादा पाटा चालेल, पण रिकामी गाडी थोडी कडक होणार हे धरून चाला.

शॉक मूळचेच ठेवू नका. गाडी वर गेल्यावर जुना शॉक आधीच अर्धा ताणलेला असतो, चाक खाली सुटायला जागाच उरत नाही. आपल्या जांभ्याच्या रस्त्यांवर पत्र्यासारख्या लाटा पडतात, त्यावर वीस मिनिटं गाडी धावली की शॉकमधलं तेल तापून फेसाळतं आणि गाडी तरंगायला लागते. नायट्रोजन भरलेला मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉक, उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण त्याच्या नळीला दगडाचा पोचा पडला की तो गेला. म्हणून मी जाड ट्विन-ट्यूब (नळीत नळी) फोम सेल शॉक घेतले; त्यात गॅसऐवजी फोम असतो, तेल फेसाळत नाही. चार पावसाळे झाले, गळती नाही.

बसवतानाची एक गोष्ट उभं राहून करून घ्या. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग आवळायचे. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि सहा महिन्यांत फाटतो. बहुतेक गॅरेजांत हे होत नाही, कारण गाडीखाली सरपटत जायचा कंटाळा. पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच, जुने परत नकोत, आणि ५०० किलोमीटरनंतर ठरलेल्या जोरावर आवळलेले आहेत का ते टॉर्क पान्यानं पुन्हा तपासायचं. अलाइनमेंटच्या बोल्टांना तेव्हाच ग्रीस लावा, खाऱ्या हवेत ते असे गंजतात की पुढच्या वेळी गॅस कटर लागतो. ब्रेकचे पाइप चाक पूर्ण लटकवून बघा, ताणले जाता कामा नयेत. हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत जातात.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, निर्मात्यानं दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा काम काढण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या. (आणि गाडी उंच झाली म्हणून किनाऱ्यावर नेऊ नका. तिथे कितीही उंच असली तरी पोलीस उचलतातच.)

चवथीच्या आधी काम करायचं म्हणत असाल तर घाई होईल, पाटे मागवून यायला वेळ लागतो. तोपर्यंत काट्याच्या तीन पावत्या आणि चार चाकांची मापं घेऊन ठेवा, आणि ओरखड्यांचा एक फोटो. ते इथे टाका, मग कोणती स्प्रिंग मागायची ते आकड्यात सांगतो.