मस्कोव्ही बदकाची मादी तीस दिवसांपासून अंड्यांवर बसली आहे. अंडी खराब झाली का, आणि पिल्ले निघाली तर ती कशी सांभाळावीत?

तुम्ही लिहिले आहे की बदकांची अंडी अठ्ठावीस दिवसांत फुटतात असे तुम्हाला सांगण्यात आले होते आणि आता तीस दिवस उलटल्यामुळे ती काढून टाकावीत असा सल्ला घरचे देत आहेत. आधी तेवढेच सांगतो, कारण ते तातडीचे आहे: कृपा करून अंडी फेकू नका. अठ्ठावीस दिवसांचा हिशेब पेकिन, खाकी कॅम्पबेल किंवा इंडियन रनर या बदकांचा आहे. त्या सर्व जाती मॅलार्ड या जंगली बदकापासून आलेल्या आहेत. मस्कोव्ही हा मुळात वेगळाच पक्षी असून तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील आहे. कोलंबस तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून तेथील मूळ रहिवासी त्याला पाळत होते. त्याच्या अंड्यांना सुमारे ३५ दिवस लागतात आणि दोन दिवस इकडे-तिकडे झाले तरी त्यात वावगे काही नाही. शिवाय दिवस मोजायचे ते पहिले अंडे दिल्यापासून नव्हे, तर मादी अंगाखालची पिसे उपटून घरटे मऊ करते आणि खुडूक होऊन ठाण मांडते त्या दिवसापासून. त्याआधी दहा-बारा दिवस ती नुसती येऊन अंडे घालते आणि निघून जाते. त्या काळात अंड्यांत वाढ सुरू झालेली नसते.

शंका असेल तर संध्याकाळी मादी चरायला उठते तेव्हा अंधारात अंड्याच्या रुंद टोकाला विजेरी टेकवून पाहा. या टप्प्यावर जिवंत अंडे जवळजवळ पूर्ण काळे दिसते आणि रुंद टोकाला हवेची स्वच्छ पोकळी असते. आरपार पिवळसर उजेड पडणारे अंडे फळलेले नाही आणि ज्याला दुर्गंधी येते ते मात्र लगेच, न फोडता, बाजूला करावे. मादी दिवसातून एकदा उठून खाते, पाण्यात डुंबते आणि ओल्या पिसांनी परत येऊन बसते, ते पाहून अनेकजण घाबरतात. परंतु अंड्यांना लागणारा ओलावा त्यातूनच मिळतो. तिचे पाणी आणि खाद्य घरट्यापासून काही पावलांवर ठेवा, म्हणजे तिला दूर जावे लागणार नाही.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत कान देऊन ऐकले तर कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येते आणि आई मान खाली घालून अतिशय हलक्या, थरथरत्या आवाजात तिला उत्तर देते. पिल्लू आतून कवचाला पहिला टोचा मारते आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही. मस्कोव्हीमध्ये ही शांतता एक दिवस, कधी त्याहूनही अधिक टिकते. त्या वेळेत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि कवचाच्या आतल्या पडद्यातील रक्तवाहिन्या आटत असतात. म्हणून दया येऊन नखाने कवच सोलणे हे त्याला मदत करणे नसून बहुधा रक्तस्रावाने मारणे ठरते. बाहेर आल्यावरही पहिला दिवसभर ते त्या बलकावर तग धरते, तेव्हा खाऊ घालण्याची घाई नको.

तुमचा दुसरा प्रश्न असा आहे की पिल्ले आईजवळ ठेवावीत की वेगळी करून दिव्याखाली वाढवावीत. आई निरोगी असेल तर तिच्याजवळच ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मस्कोव्हीची मादी उत्तम उबवणारी आणि कडक राखणदार असते. पिल्ले कधी पंखाखाली घ्यायची, पाण्यातून कधी बाहेर काढायची हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. तुमचे काम एवढेच की नराला आणि इतर माद्यांना तिच्यापासून जाळीने वेगळे करावे, कारण काही नर पिल्लांवर धावून जातात आणि परकी मादी चोचीने त्यांना मारूनही टाकते. रात्री आई आणि पिल्ले बंद खुराड्यात असलीच पाहिजेत आणि जाळीची भोके इतकी बारीक हवीत की उंदीर किंवा घूस आत शिरू शकणार नाही. लहान पिल्ले रातोरात नाहीशी होतात तेव्हा मांजरापेक्षा उंदीर-घुशीच अधिक वेळा जबाबदार असतात, आणि दिवसा कावळे व घारींकडे लक्ष ठेवावे लागते.

आई नसेल किंवा अंडी यंत्रात उबवली असतील तर मात्र उबेची जबाबदारी तुमची. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३२ अंश सेल्सियस तापमान ठेवावे आणि नंतर दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करावे. तापमापकाइतकेच पिल्लांकडेही पाहावे: ती दिव्याखाली एकमेकांवर चढून कलकलाट करत असतील तर थंडी वाजते आहे, आणि कडेला पांगून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झाली आहे. खाली गुळगुळीत कागद घालू नये. त्यावर पाय घसरून फाकतात आणि ते दुखणे कायमचे राहू शकते. लाकडाचा जाडसर भुसा घालून तो रोज बदलावा. मस्कोव्ही झाडाच्या ढोलीत घरटे करणारा पक्षी असल्यामुळे एक-दोन दिवसांच्या पिल्लालाही अणकुचीदार नखे असतात, आणि ती खोक्याच्या पुठ्ठ्यात रोवून, इवल्याशा शेपटीचा आधार घेत ते सरळ काठापर्यंत चढते. म्हणून खोके उंच आणि वरून जाळी लावलेले असावे.

खाद्याविषयी मी अधिक लिहितो, कारण पिल्ले अधू होतात ती बहुतेक याच ठिकाणी. कोंबडीच्या पिल्लांचे स्टार्टर, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांचे, खाद्य चालते, पण त्यात औषध मिसळलेले नसावे आणि त्यात नायसिन हे ब गटातील जीवनसत्त्व कमी पडते हे लक्षात ठेवावे. बदकाच्या पिल्लाला एक किलो खाद्यामागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते, म्हणजे कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच जास्त. ते कमी पडले की पिल्लू चालायचे टाळते, पायाचा मधला सांधा सुजतो आणि पाय धनुष्यासारखे वाकतात. कपभर खाद्यात एक मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली वाळवलेल्या यीस्टची पूड) मिसळल्यास हे टळते. सुजेची सुरुवात असेल तर पिल्लू सावरते, पाय वाकून गेल्यावर मात्र फारसे काही करता येत नाही. पहिले दोन-तीन आठवडे २० ते २२ टक्के प्रथिने असलेले खाद्य द्यावे आणि नंतर १६ ते १८ टक्क्यांवर यावे. पाव, बिस्किटे आणि अतिपौष्टिक खाद्य देत राहिल्यास पंखाचे टोक बाहेर वळते व पक्षी जन्मभर तसाच राहतो.

बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड थोडीसुद्धा देऊ नये. बदकाची पिल्ले अफ्लाटॉक्सिन या बुरशीतून तयार होणाऱ्या विषाला विलक्षण संवेदनशील असतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये दूषित शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा बदकाची पिल्लेही दगावली होती आणि या विषाचा शोध त्याच प्रकरणातून लागला. ओल्या खाद्याला बुरशी लवकर लागते, म्हणून भिजवलेले खाद्य उरले तर ते त्याच दिवशी काढून टाकावे.

पाण्याची दोन कामे वेगळी समजून घ्यावीत. पिण्याचे पाणी पहिल्या दिवसापासून सतत हवे आणि ते इतके खोल हवे की चोच नाकपुड्यांसकट बुडेल, कारण पिल्ले त्यातच नाक व डोळे धुतात. मात्र भांडे पसरट नसावे, किंवा त्यात खडे घालावेत, म्हणजे पिल्लू आत बसून भिजणार नाही. पोहण्याचे म्हणाल तर आईजवळची पिल्ले तिच्यामागून उथळ पाण्यात गेली तरी हरकत नाही, फक्त बाहेर यायला उतार असावा. दिव्याखालच्या पिल्लांची लव लवकर भिजते आणि ती गारठून मरतात. त्यांना पहिले काही आठवडे कोमट, उथळ पाण्यात दोन-चार मिनिटे, तेही तुम्ही समोर असतानाच सोडावे आणि लगेच कोरडे करून उबेत ठेवावे.

मस्कोव्हीला पिसे यायला इतर बदकांपेक्षा उशीर लागतो. पूर्ण पिसारा यायला दहा-बारा आठवडे जातात, तोपर्यंत पावसात भिजू देऊ नये. बदकांचा प्लेग नावाचा विषाणुजन्य रोग या जातीला फार लवकर गाठतो, म्हणून लसीबद्दल पशुवैद्यकांना आताच विचारून ठेवा आणि पिल्लांना साचलेल्या, कुजक्या पाण्यापासून दूर ठेवा.

याच सुमारास नर मादीपेक्षा स्पष्टपणे मोठे दिसू लागतात आणि पुढे त्यांचे वजन जवळजवळ दुप्पट होते. ते वयात येण्याआधी वेगळे करावेत, कारण चार-पाच माद्यांमागे एकच नर पुरे होतो आणि त्याहून अधिक नर राहिले तर ते माद्यांच्या मानेची व पाठीची पिसे उपटून त्यांना जखमी करतात. माद्या चांगल्या उडतात. त्यांना आवारात ठेवायचे असेल तर एकाच पंखाची उडण्याची लांब पिसे कापावीत, पण ज्या पिसाच्या देठात अजून रक्त आहे ते कापू नये, आणि दर वर्षी पिसे गळून नवी आल्यावर हे काम पुन्हा करावे लागते.